पोपटीच्या स्पर्धेला मडकं कोणतं घ्यावं?

थंडी पडली, शेतातल्या वालाच्या शेंगा भरल्या, की आपल्या रायगड जिल्ह्यात गावोगावी पोपटी लागते. अलिबाग, पेण, रोहा, मुरूड, कुठेही जा, संध्याकाळी शेताच्या कडेला जाळ दिसला की समजायचं, पोपटी आहे. पूर्वी हा घरचा, भाऊबंदांचा, शेताची राखण करणाऱ्यांचा कार्यक्रम होता. आता सुट्टीला येणारे पाहुणे पोपटी मागतात, महोत्सवात स्टॉल लागतात, आणि गटागटांत स्पर्धाही होतात. स्पर्धेत नंबर आला की पुढचे दोन महिने ऑर्डरी मिळतात, म्हणून आम्ही बचत गटाच्या बाया त्यात उतरतो. हौस आहेच, पण निधीतले पैसे घालून उतरायचं म्हणजे हिशोबही आला.

आज आम्ही मसाल्याविषयी बोलणार नाही. मसाला ज्याचा त्याला प्यारा. आज बोलायचंय ते मडक्याविषयी. कारण गेल्या हंगामात आम्ही मसाल्यात नाही, मडक्यात हरलो.

ज्यांनी पोपटी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला घालायचा. काही जण त्याला भामरुड म्हणतात. भात कापल्यावर शेतात आपोआप उगवणारी, उग्र वासाची वनस्पती. त्यावर वालाच्या शेंगा सालासकट, खडेमीठ, ओवा, मग बटाटे, रताळी, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, पुन्हा शेंगा, पुन्हा पाला. पाण्याचा थेंब नाही, तेलाचा थेंब नाही. तोंडाशी पाला गच्च कोंबायचा, मडकं जमिनीवर उलटं ठेवायचं आणि भोवती पेंढा, झावळ्या, गोवऱ्या रचून पेटवायचं. अर्धा-पाऊण तासात आतलं सगळं शिजतं.

आता विचार करा, पाणी नाही तर शिजतं कशावर? ओल्या शेंगांत आणि पाल्यात जे पाणी असतं त्याच्याच वाफेवर. ओल्या शेंगेचं निम्म्याहून कितीतरी जास्त वजन पाण्याचंच असतं. मडकं तापलं की ते पाणी वाफ होऊन सुटतं. वाफ हवेपेक्षा हलकी, ती वर चढते. मडकं सरळ ठेवलं असतं तर तोंडातून निघून गेली असती. उलटं ठेवल्यामुळे ती वरच्या बंद बुडाशी अडते आणि आतल्या आत फिरते. खाली तोंडाशी असलेला पाला बूच होतो, पण घट्ट बूच नाही. वाफ फार झाली तर थोडी बाहेर सोडतो, आणि धुराचा वास थोडा आत घेतो. आपल्या आज्यांनी हे पुस्तकात वाचलं नव्हतं, पण मडकं उलटं का ठेवायचं ते त्यांना पक्कं माहीत होतं.

हे एकदा कळलं की मडकं निवडताना काय बघायचं ते आपोआप कळतं. बाहेरचा जाळ सोसणारं, ऊब सावकाश आणि सगळीकडून आत देणारं, आणि वाफ धरून ठेवणारं भांडं आपल्याला हवं.

गेल्या वर्षी आमची चूक कुठे झाली ते आधी सांगतो. स्पर्धेला पन्नास माणसांना चव द्यायची होती. आमच्या बैठकीत ठरलं, एकच मोठं मडकं घेऊ, दिसायलाही रुबाबदार. रांजणाएवढं मडकं आणलं, पंचवीस-तीस लिटर पाणी मावेल असं. त्यात शेंगा, कोंबडी, अंडी सगळं ठासून भरलं. एरवी लावतो तसाच जाळ लावला, थोडा जास्तच. पाऊण तासानं उघडलं. कडेच्या शेंगा काळ्या कोळसा. अंडी बरी होती. आणि मधली कोंबडी? परीक्षक बाईंनी तंगडी मोडली तर हाडाजवळ गुलाबी. त्यांनी काही न बोलता ताट बाजूला ठेवलं. त्या न बोलण्याची लाज अजून जात नाही. पण खरी भीती नंतर वाटली. तेच ताट आधी लोकांना वाढलं असतं तर? कच्च्या कोंबडीनं माणूस आजारी पडतो, आणि कच्चे वालही पोटाला बाधतात. एका संध्याकाळी दहा जणांना जुलाब झाले असते तर गटाला पुन्हा कुणी ऑर्डर दिली असती का?

मग आम्ही शोध घेतला की झालं काय. ऊब बाहेरून आत सरकते, आणि सरकायला वेळ घेते. भांड्याची रुंदी दुप्पट केली तर मध्यापर्यंत ऊब पोचायला दुप्पट नाही, जवळजवळ चौपट वेळ लागतो. वाफेमुळे थोडी मदत होते, पण ठासून भरलं की वाफेलाही फिरायला जागा राहत नाही. म्हणजे मोठ्या मडक्याला मोठा जाळ नाही, लांब वेळ हवा होता. आणि तेवढा वेळ जाळ ठेवला असता तर कडेचं सगळं जळून गेलं असतं. दोन्हीकडून मरण.

म्हणून आमचा पहिला सल्ला: एक मोठं नको, तीन लहान घ्या. आम्ही आता दहा-बारा लिटरचं मडकं घेतो, म्हणजे घरात पिण्याच्या पाण्याचं मध्यम मडकं असतं तेवढं. त्यात साधारण अडीच किलो शेंगा, एक किलो कोंबडी, दहा अंडी, थोडी रताळी-बटाटे आणि पाला बसतो, आणि वर चार बोटं जागा मोकळी राहते. ती जागा ठेवायचीच. तीन मडक्यांचा आणखी एक फायदा असा की एक फुटलं तरी दोन राहतात. स्पर्धेत हा फायदा लहान नाही.

आता कुंभाराकडे गेलात की काय मागायचं? आम्ही जुन्या कुंभारदादांकडे गेलो तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "पाण्याला हवं का शिजवायला?" आम्ही एकमेकींकडे बघितलं. इतकी वर्षं आम्ही बाजारातलं पाण्याचं मडकंच पोपटीला वापरत होतो! पाण्याच्या मडक्यातून पाणी झिरपावं आणि थंड व्हावं म्हणून ते तसं घडवतात. शिजवायच्या मडक्याच्या मातीत बारीक रेती मिसळतात. माती गरम झाली की फुगते, थंड झाली की आकसते, त्यात तडा जातो. रेतीचे कण असले की तडा सुरू झाला तरी कणापाशी अडतो, पुढे पळत नाही. मऊ, गुळगुळीत, दिसायला सुंदर मडकं चुलीवर आधी तडकतं ते यामुळे. म्हणून मडक्याच्या अंगावरून हात फिरवा. किंचित खरखरीत लागलं तर ते आपलं.

दुसरं, बूड गोल हवं. आजकाल बाजारात सपाट बुडाची मडकी मिळतात, ओट्यावर नीट बसतात म्हणून लोक घेतात. पोपटीला ती चालत नाहीत. बूड आणि अंग जिथे कोपऱ्यात मिळतं तिथे ताण येतो आणि तिथेच ते फुटतं. शिवाय आपलं मडकं उलटं असतं, म्हणजे बूड वर. गोल बुडावर रचलेला पेंढा सगळीकडून सारखा जळतो. सपाट बुडावर राख साठते आणि खालचा भाग थंड राहतो.

जाडी सगळीकडे सारखी हवी. करंगळीच्या निम्म्याइतकी जाडी पुरते. मडक्यात हात घालून आतून-बाहेरून दोन बोटांनी चाचपा. थापीनं ठोकून घडवलेलं मडकं बहुधा सारखं असतं. एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ असेल तर पातळ बाजूच्या शेंगा करपतात आणि जाड बाजूच्या तशाच राहतात. जाड मडकं मजबूत असतं असं आपल्याला वाटतं, पण फार जाड असलं तर पाऊण तासात आत ऊबच पोचत नाही.

आता तोंड. यावर आमच्यात फार वाद झाले. रुंद तोंड असलं की भरायला सोपं, पण उलटं करताना पाल्याचं बूच निसटतं आणि अर्धी पोपटी मातीत. अरुंद तोंड असलं की वाफ छान धरते, पण शिजलेली कोंबडी बाहेर निघत नाही, मग मडकं फोडावं लागतं. आमच्यातल्या एका काकूंनी सोपं माप काढलं. हातात अंडं धरून मूठ आत घाला. अंड्यासकट मूठ बाहेर आली, आणि भोवती बोटभर जागा राहिली, तर तोंड बरोबर. अख्खी कोंबडी या तोंडातून जाणार नाही. न जाऊ दे. तुकडे करून, मसाला लावून, केळीच्या पानात पुडक्या बांधा. अख्खी कोंबडी दिसायला छान, पण आतपर्यंत शिजायचा भरवसा नाही, आणि आमचं हात पोळलेलं आहे.

तोंडाला बाहेर वळलेला काठ असावा. गरम मडकं ओल्या गोणपाटानं धरून उचलतो तेव्हा बोटांना तोच काठ आधार देतो. बिनकाठाचं गरम मडकं कसं निसटतं ते ज्याच्या पायावर पडलंय त्याला विचारा.

मडकं हातात घेतलं की वाजवून बघा. हे सगळ्यांना माहीत आहे, पण घाईत कुणी करत नाही. बोटाच्या पेरानं टिचकी मारा. टणटणीत आवाज आला तर चांगलं भाजलेलं आणि अखंड. भद्द आवाज आला तर कुठेतरी न दिसणारी चीर आहे किंवा कच्चं भाजलंय. शंका असेल तर पाणी भरून पाच मिनिटं ठेवा. चीर असेल तिथे ओली रेघ उमटते. काही दुकानदार भोक मेणानं किंवा रंगानं बुजवतात, म्हणून बाहेरून रंगवलेलं मडकं घेऊच नका. आणि चकचकीत काचेसारखा मुलामा असेल तर अजिबात नको. काही जुन्या पद्धतीच्या मुलाम्यांत शिसं असतं, आणि शिसं पोटात जाऊन चालत नाही. वारली चित्रं काढलेलं मडकं दिवाणखान्यात ठेवा.

पाणी भरून बघितलंत ना? मग ते मडकं लगेच जाळात घालू नका. मातीच्या बारीक छिद्रांत पाणी शिरलेलं असतं. जाळ लागला की त्याची वाफ होते, बाहेर पडायला वाट मिळत नाही, आणि मडकं फट्कन उडतं. घरी पाण्याला वापरलेलं मडकं पोपटीला आणलं की फुटतं, ते याच कारणानं. चार-पाच दिवस कडक उन्हात वाळवा, मग एकदा रिकामंच चुलीजवळ उबेला ठेवा.

आता डब्याचं बघू. पोरं पार्टीला तेलाच्या पत्र्याच्या डब्यात पोपटी लावतात. फुटत नाही, मोटारसायकलवर नेता येतो, लवकर तापतो. शेतातल्या पार्टीला खाद्यतेलाचा स्वच्छ डबा असेल तर आम्ही नावं ठेवणार नाही. पण पत्रा पातळ. जिथे जाळ लागला तिथली शेंग जळते, दोन इंच आत कच्ची. मातीचं मडकं ऊब शोषून घेतं, सावकाश सोडतं, आणि जाळ विझल्यावरही दहा मिनिटं शिजवत राहतं. डबा जाळ विझला की थंड. रंगाचे, औषधांचे, केमिकलचे डबे तर कितीही धुतले तरी नकोत. गॅल्व्हनाइज्ड पत्र्याची बादली किंवा पिंपही नको. त्यावर जस्ताचा थर असतो, तो फार तापला की त्याची वाफ श्वासात जाऊन ताप भरतो. अ‍ॅल्युमिनिअमचं पातेलं आणलेलंही आम्ही पाहिलंय. अ‍ॅल्युमिनिअम ६६० अंशांना वितळतं. गोवऱ्या-लाकडांचा मोठा जाळ वारा लागला की तिथपर्यंत जाऊ शकतो.

यंदा एक फॅब्रिकेशनवाले दादा आमच्याकडे आले होते. लोखंडी ड्रम, वर झाकण, आत जाळी, खाली कोळशाचा कप्पा. म्हणाले, ताई, एकदा घ्या, दहा वर्षं बघायला नको. आमच्यातल्या धाकट्या सभासदांना ते पटलं होतं, आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. रोज रिसॉर्टला पोपटी द्यायची असेल, तर मडकी फुटण्याचा खर्च आणि रोज पेंढा गोळा करण्याची मेहनत मोठी आहे. पण ड्रममध्ये कोळशाची ऊब खालून येते, मडक्यासारखी सगळीकडून नाही. वाफ झाकणाच्या फटीतून जाते, मग पाण्याची वाटी ठेवावी लागते, आणि पाणी घातलं की ती पोपटी राहत नाही, उकडलेल्या शेंगा होतात. स्पर्धेत तर परीक्षक मडकं जाळातून काढताना बघायलाच येतात. दोन बैठका याच्यावर गेल्या. शेवटी मतदान झालं, मडकी जिंकली. ड्रम पुढच्या वर्षी भाड्यानं घेऊन बघू, असं धाकट्यांना कबूल केलंय.

जुनं मडकं वापरावं का? वापरावं. एकदा जाळ सोसलेलं मडकं भरवशाचं असतं. पण दरवर्षी वाजवून बघा आणि नाक घालून बघा. मातीत कोंबडीची चरबी मुरते आणि पावसाळ्यात खवट होते. वास आला तर ते मडकं झाडं लावायला. आणि याच कारणासाठी शाकाहारी पोपटीचं मडकं कायम वेगळं ठेवा. मार्गशीर्षातल्या गुरुवारी आणि एरवीही बरेच लोक नुसत्या शेंगा, बटाटे, कांदे, वांगी घातलेली पोपटी मागतात. कोंबडीच्या मडक्यात ती लावून देणं ही फसवणूक आहे, कितीही घासलं तरी. आम्ही शाकाहारी मडक्याच्या बुडाजवळ कोयत्याच्या टोकानं फुली ओरखडून ठेवतो. खडू पुसला जातो, ओरखडा राहतो.

जाळाचंही मडक्याशी नातं आहे, म्हणून दोन शब्द. पहिली पाच-सात मिनिटं जाळ मंद ठेवा, नुसता पेंढा. मडकं हळू तापू दे. मग गोवऱ्या आणि काटक्या. एकदम मोठा जाळ लावला की चांगलं मडकंही तडकतं. गेल्या वर्षी शेजारच्या गटानं लवकर पेटावं म्हणून टायरचा तुकडा घातला. तो वास शेंगांत उतरला, कुणी तोंडात धरेना. टायर, प्लास्टिक, रंगवलेलं लाकूड, काही नको.

झालं की नाही ते कसं ओळखायचं? मडक्यावर पाणी शिंपडायचं. चर्र करून लगेच उडालं की झालं, असं सगळे म्हणतात. ते खरं आहे, पण त्यावरून मडकं तापलं एवढंच कळतं, कोंबडी शिजली हे नाही. गेल्या वर्षी आमच्या रांजणावरचं पाणीसुद्धा चर्र करून उडालं होतं! गटानं जॅमच्या प्रशिक्षणाच्या वेळी टोचायचा थर्मामीटर घेतला होता, तो कपाटात पडून होता. आता आम्ही मडकं उतरवल्यावर पहिली पुडी सोडतो, सगळ्यात जाड तुकड्यात तो टोचतो, हाडाला न लावता. ७४ अंश दिसले तरच वाढतो. कमी दिसले तर पाला पुन्हा कोंबून मडकं दहा मिनिटं निखाऱ्यावर. परीक्षक थांबतात. नाही थांबले तर नंबर जाऊ दे.

आणि पुड्या कुठे ठेवायच्या तेही मडक्याच्या आकारावरून ठरतं. मडकं उलटं असतं, वाफ बुडाशी जमते. म्हणून भरताना तळाला पाला आणि एक थर शेंगांचा झाला की लगेच पुड्या ठेवा. उलटं केल्यावर त्या वरच्या अर्ध्या भागात, वाफेत येतात. आम्ही पूर्वी शेवटी, तोंडाजवळ ठेवायचो, काढायला सोप्या म्हणून. तोंडाजवळची जागा सगळ्यात थंड, कारण ती जमिनीला टेकलेली असते.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. मडकी मागवायची कधी? दिवाळीपर्यंत कुंभार पणत्यांत अडकलेले असतात, आणि डिसेंबर लागला की संक्रांतीची सुगडं सुरू होतात. मधे दोन-तीन आठवडेच मिळतात. त्यात सांगितलं तर ते रेती घालून, मापाचं तोंड ठेवून, सावकाश वाळवून भाजून देतात. आम्ही यंदा दिवाळीच्या दुसऱ्या आठवड्यात आठ सांगितली. सात टणटणीत निघाली, एक भद्द वाजलं, ते दादांनी स्वतःच बाजूला ठेवलं आणि पैसे घेतले नाहीत. त्यातलं एक फुली मारून शाकाहारी केलंय, तीन स्पर्धेला ठेवलीत, आणि उरलेल्या तिघांत येत्या रविवारी सरावाची पोपटी लावणार आहोत. शेंगा नुकत्या भरायला लागल्यात.